नवी बॅरल, जुना लोड आणि जड झालेला बोल्ट: प्रेशरची चिन्हं कशी तपासायची

रायफलला नवी बॅरल, म्हणजे नळी, बसवायची, जुन्या बॅरलमध्ये वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला लोड (घरी भरलेल्या काडतुसाची पावडर-गोळीची ठरलेली जुळणी) भरायचा, आणि रेंजवर चौथ्या-पाचव्या बाराला बोल्टचा (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या भागाचा) दांडा हाताला जड लागायचा. इथे टेक्सासमध्ये नोव्हेंबरात हरणांचा हंगाम सुरू होतो. त्याआधीच्या महिनाभरात असा फोन मला कुणाचा ना कुणाचा येतोच. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "काका, अर्धा ग्रेन कमी करून बघू का?" ग्रेन म्हणजे पावडर तोलायचं बारीक वजन. मी सांगतो, आधी थांब. गोळी रायफलिंगमध्ये (नळीच्या आतल्या पीळदार खाचांत) रुतत असेल, केसची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) मान चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात) आवळली जात असेल किंवा पावडरच भलती असेल, तर अर्ध्या ग्रेननं काही सुटत नाही. खूण जरा पुसट होते आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या एमआयडीसीत टूलरूमला मायक्रोमीटर धरायला शिकलो आणि आता बरीच वर्षं सॅन अँटोनियोच्या बाजूला राहतो. गावाकडे कुणाला सांगितलं की मी काडतुसं घरी भरतो, तर लगेच स्वप्नील कुसाळेचं नाव निघतं. २०२४ साली पॅरिसला त्यानं कांस्य जिंकल्याचा अभिमान मलाही आहे, पण त्याचा ५० मीटर प्रकार .२२ रिमफायरचा. त्या काडतुसाचं पेटतं रसायन केसच्या कडेतच असतं, एकदा उडालं की ते पुन्हा भरता येत नाही. आपण बोलतोय ते सेंटरफायरबद्दल: त्याचा प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी टोपी, बुडाच्या मधोमध असतो आणि बदलता येतो. भारतात घरी काडतुसं भरू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. पण एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल, तर शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडता बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. आपल्या राज्याचा कायदाही आधी बघा.

यात मी माझ्या चार्जचे (पावडरच्या मापाचे) आकडे मुद्दाम देत नाही. ते माझ्या चेंबरचे आहेत. तुमचा आकडा पावडरच्या आणि गोळीच्या कंपनीनं छापलेल्या मॅन्युअलमधून घ्या. मापं मी थाऊमध्ये सांगतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

रेंजवर, त्याच क्षणी

बोल्ट जड लागला की पुढचा बार काढायचा नाही. "अजून एक काढून बघू" हा मोह इथे सगळ्यात महाग पडतो. नळीचं तोंड निशाण्याच्या दिशेलाच ठेवा, डोळ्यांवरचा चष्मा काढू नका. ट्रिगर ओढून बार उडालाच नसेल, तर किमान ३० सेकंद तसंच थांबा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला असेल, तर बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघितल्याशिवाय दुसरं काडतूस आत घालू नका. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते.

बोल्ट तळहाताच्या जोरानं उघडला तर ठीक. नाही उघडला तर हातोडी, लाकडाचा ठोकळा असले प्रयोग नकोत. रायफल गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या आणि केस अडकलेली आहे हे त्याला दुकानात शिरतानाच सांगा. प्रायमरला भोक पडलं असेल तर आणखी एक काम आहे: बोल्ट खोलून फायरिंग पिनचं टोक भिंगाखाली बघायचं. प्रायमरच्या धातूची बारीक चकती पिनच्या भोकात अडकून बसते आणि पिनचं टोक गॅसनं खाल्लेलं असतं. तसं टोक पुढच्या प्रायमरलाही भोक पाडतं, आणि मग माणूस पावडरला दोष देत बसतो.

उडालेल्या केसेस पिशवीत एकत्र टाकू नका. मी प्रत्येक केसवर बाराचा क्रमांक मार्करनं लिहितो आणि शेजारी क्रोनोग्राफवरची (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरची) गती टिपतो. क्रम हरवला की अर्धा पुरावा गेला.

चिन्हं वाचायची कशी

सुरुवात बोल्टपासून करू, कारण तिथेच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बोल्ट बंद करताना जड आणि उघडताना जड या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बंद करताना जड, तर बार अजून उडालेलाच नाही, मग प्रेशर, म्हणजे जळत्या पावडरच्या गॅसचा दाब, कुठून येणार? तिथे माप चुकलंय: केसचा खांदा (मानेखालचा उतार) डायनं (केस पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यानं) पुरेसा मागे सारलेला नाही, केस लांब झाली आहे, मान जाड आहे, नाहीतर गोळी रायफलिंगला टेकते आहे. यातली शेवटची तीन कारणं पुढच्या क्षणी प्रेशर वाढवतात, म्हणून बंद करतानाचा जडपणा हा आधीच मिळालेला इशारा समजा. उघडताना दांडा उचलायलाच जोर लागतो, तेव्हा केस चेंबरच्या भिंतीला चिकटली आहे. प्रेशर जास्त आहे, नाहीतर चेंबर खरबरीत आहे. दांडा सहज वर येतो आणि अगदी शेवटी 'टक' करून अडतो, तेव्हा बहुतेक वेळा केसचा बुडाकडचा भाग चेंबरएवढा फुगलेला असतो आणि तुमची डाय तो भाग पुरेसा आवळत नाही. नवी बॅरल म्हणजे वेगळ्या रीमरनं (चेंबर कापायच्या हत्यारानं) कापलेलं चेंबर. जुन्या चेंबरला जुळणारी डाय नव्याला जुळेलच असं नाही, आणि जुन्या चेंबरमधून निघालेल्या केसेस नव्यात तर आणखीनच त्रास देतात. कोऱ्या केसेस भरून बघा. 'टक' गेला तर दोष मापाचा.

आता केसचं बूड. खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात, भिंगाखाली फिरवा. बुडावर कंपनीचं नाव आणि काडतुसाचं नाव कोरलेलं असतं. त्या अक्षरांच्या मधे कुठेतरी गोल किंवा अर्धगोल चकाकता डाग दिसतो का? बोल्टच्या तोंडावर इजेक्टरच्या (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या) खिळीचं भोक असतं. प्रेशरनं पितळ त्या भोकात वाहून जातं आणि बोल्ट फिरताना त्याचं टोक घासून चकचकीत होतं. नखानं डाग चाचपा. उंचवटा लागला तर पितळ खरंच वाहिलं आहे, आणि हे चिन्ह मी कधीही दुर्लक्षित करत नाही. नुसती चमक असेल आणि नखाला काहीच लागत नसेल, तर इजेक्टरच्या भोकाच्या कडेला राहिलेली बारीक धारही तशी खूण उठवते; सगळ्यात हलक्या चार्जच्या केसवर तीच खूण आहे का ते ताडून बघा.

प्रायमरकडे लोक सगळ्यात आधी बघतात आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतात. माझा विश्वास सगळ्यात कमी. कारण सांगतो. अमेरिकेतल्या 'सामी' या संस्थेनं प्रत्येक काडतुसाची कमाल सरासरी प्रेशर ठरवून दिली आहे. ६.५ क्रीडमूरला ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर तेवढे पौंड दाब), .३०-०६ ला ६०,०००, .२२३ रेमिंग्टनला ५५,०००, आणि जुन्या .३०-३० ला फक्त ४२,०००. प्रायमर मात्र यातल्या तिघांत अगदी तोच बसू शकतो. आपण कुठल्या काडतुसात बसलो आहोत हे त्याला ठाऊक नसतं. .३०-३० मध्ये मर्यादा केव्हाच ओलांडलेली असताना प्रायमर अगदी गोंडस गोल दिसेल. उलट बाजूनं, केसचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे सारला असेल तर हलक्या लोडलाही प्रायमर चपटा होतो: आधी तो पाकिटातून, म्हणजे केसच्या बुडातल्या त्याच्या खाचेतून, मागे सरकतो, मग केस ताणली जाऊन त्याच्यावर आदळते आणि त्याची कड पसरते. खांदा एक ते दोन थाऊच मागे सारा. त्यासाठी कंपॅरेटर (कॅलिपरला लावायचं मापाचं जोडसाधन) वापरा, डोळ्याचा अंदाज नको.

पिनच्या खुणेभोवती कडं उभं राहिलं, म्हणजे क्रेटर झाला, तरी घाबरण्याआधी हलक्या चार्जच्या केसेस बघा. बोल्टच्या तोंडावरचं पिनचं भोक मोठं असेल किंवा त्याची कड तासलेली असेल, तर कारखान्यातून आलेल्या हलक्या काडतुसालाही क्रेटर होतो. रेमिंग्टन ७०० मध्ये हे सर्रास दिसतं. इलाज म्हणजे गनस्मिथकडून भोकाला बुश (भोक लहान करणारी कडी) बसवून घेणं. प्रायमरच्या कपाची जाडीही बघा. लापुआच्या ६.५ क्रीडमूर केसला लहान रायफल प्रायमर लागतो, इतर बऱ्याच कंपन्यांच्या केसला मोठा. लहान प्रायमरमध्ये सीसीआय ४०० चा कप पातळ आणि ४५० चा जाड. ६२,००० पीएसआयच्या काडतुसात पातळ कप घालून त्याला भोक पडलं, तर त्यात नवल नाही. पण म्हणून नुसता जाड कपाचा प्रायमर घालून खूण लपवू नका. प्रायमर बदलला की लोड पुन्हा खालून चढवायचा.

प्रायमरचं पाकीट सैल होणं हे उशिरा कळणारं पण खरं बोलणारं चिन्ह. हातातल्या प्रायमिंग टूलवर नवा प्रायमर लोण्यात सुरी जावी तसा गेला, तर ती केस भंगारात. एक-दोन भरण्यांतच पाकिटं सैल होत असतील, तर बाकी सगळं छान दिसत असलं तरी तो लोड जास्त आहे.

आणि गती. माझ्या मते नव्या बॅरलवर क्रोनोग्राफ नसेल तर लोड चढवूच नये. पावडर तेवढीच, गोळी तीच, आणि गती वाढली, तर प्रेशर वाढलेली असते; गती फुकट मिळत नाही. हॉर्नडीचं १४० ग्रेन ईएलडी मॅचचं कारखान्यातलं ६.५ क्रीडमूर २४ इंची नळीतून सेकंदाला २,७१० फूट जातं. तुमच्या २४ इंची नळीतून त्याच वजनाची गोळी २,८५० नं जात असेल, तर "माझी बॅरल फास्ट आहे" हे उत्तर पुरत नाही. नळी लहान असेल तर इंचामागे साधारण २० ते २५ फूट वजा करून तुलना करा. केसवर काहीही दिसत नसलं तरी मॅन्युअलच्या कमाल लोडची गती गाठली की मी थांबतो. पितळ वाहायला लागतं तोवर मर्यादा बहुतेक वेळा मागे पडलेली असते.

नवी बॅरल वेगळी असते ती कशात

आमच्या रेंजवर नाशिकचा एक तरुण येतो. त्याच्या ६.५ क्रीडमूरची जुनी बॅरल मॅचेस खेळून झिजली होती, त्यानं नवी बसवून घेतली. लोड वहीतून उचलला, लांबी तीच, पावडर तीच. उघडताना बोल्ट जड, बुडावर इजेक्टरची खूण, आणि गती जुन्या बॅरलपेक्षा सेकंदाला ६० फूट जास्त. बंद करतानाही थोडं दाबावं लागत होतं. नवं आहे, घट्ट असणारच, असं त्याला वाटलं.

आम्ही त्याची वही मागून पुढे वाचली, आणि कारण तिथेच होतं. बॅरलचा थ्रोट, म्हणजे चेंबर संपून रायफलिंग सुरू होतं तो भाग, प्रत्येक बाराच्या ज्वाळेनं थोडा थोडा खाल्ला जातो आणि रायफलिंगची सुरुवात पुढे सरकते. अचूकता टिकवायला तो गोळी दर काही महिन्यांनी थोडी बाहेर बसवत गेला होता. झिजलेल्या बॅरलची गतीही उतरते, म्हणून त्यानं पावडरही थोडी थोडी वाढवली होती. या दोन्ही गोष्टी जुन्या बॅरलसाठी समजण्याजोग्या. पण नव्या बॅरलचा थ्रोट ताजा, रायफलिंग ३० थाऊ अलीकडे. जुन्यात गोळी २० थाऊची उडी घेऊन रायफलिंगला भिडायची, नव्यात ती १० थाऊ आत रुतत होती. आणि वर झिजलेल्या नळीसाठी वाढवलेली पावडर.

रुतलेल्या गोळीला जागेवरून हलायलाच जास्त जोर लागतो. ती हलेपर्यंत पावडर बंद जागेत जळत राहते आणि प्रेशरचं टोक वर जातं. हे तपासायची पद्धत सोपी आहे. प्रायमर नाही, पावडर नाही, असं एक डमी काडतूस करा. गोळी काळ्या मार्करनं रंगवा, चेंबरमध्ये घालून बोल्ट हळू बंद करा आणि काढून भिंगाखाली धरा. त्याच्या गोळीच्या गोलाईवर, समान अंतरावर, रायफलिंगच्या उंचवट्यांएवढ्या चौकोनी चकाकत्या खुणा होत्या. जितकी खूण लांब, तितकी गोळी आत. मग गोळी थोडी थोडी खोल बसवत, दर वेळी पुन्हा रंगवत जायचं, खुणा नाहीशा होईपर्यंत. फायरिंग पिनची जुळणी आणि इजेक्टर काढून ठेवला तर हातालाही नेमकं कळतं: गोळी टेकत नसेल तेव्हा दांडा स्वतःच्या वजनानं खाली पडतो. लांबी गोळीच्या टोकापासून मोजू नका, टोकं एकसारखी नसतात. कंपॅरेटर लावून गोलाईवरून मोजा. आणि गोळीचा प्रकार बदलला की ही मोजणी पुन्हा करा, कारण प्रत्येक गोळीची गोलाई वेगळी.

रुतलेल्या गोळीचा आणखी एक धोका शिकारीत असतो. बार न काढता काडतूस परत काढायला गेलात, की गोळी थ्रोटमध्येच राहते, केस रिकामी बाहेर येते आणि पावडर सगळ्या अॅक्शनमध्ये (बोल्टच्या यंत्रणेत) सांडते.

दुसरं ठिकाण केसच्या मानेचं. मॅचसाठी कापलेल्या चेंबरमध्ये मानेची जागा बऱ्याचदा घट्ट ठेवतात. बार उडताना मान पसरून गोळी सोडते; पसरायला जागाच नसेल तर मान गोळीला धरून ठेवते आणि प्रेशर एकदम चढते. त्या बॅरलमधून उडालेली, डायमध्ये न घातलेली केस घ्या आणि तिच्या तोंडात नवी गोळी बोटानं सोडा. ती अलगद आत गेली पाहिजे. अडली तर मान घट्ट आहे किंवा तोंडाशी कड वळली आहे. त्या केसेस पुन्हा भरू नका. भरलेल्या काडतुसाची मान चेंबरच्या मानेपेक्षा किमान दोन-तीन थाऊनं बारीक हवी. गनस्मिथकडे रीमरचा नकाशा असतो, तो मागून घ्या. केसची लांबी कॅलिपरनं मोजा: ६.५ क्रीडमूरची कमाल १.९२० इंच, आणि कापायची ती १.९१० ला. त्यापेक्षा लांब केसचं तोंड थ्रोटमध्ये घुसून गोळीला चिमटा बसतो. हे दहा मिनिटांचं काम टाळून लोक पावडरच्या मागे लागतात.

तिसरी गोष्ट वेळेची. बऱ्याच बॅरल्स पहिल्या १०० ते २०० बारांत 'मोकळ्या' होतात आणि त्याच लोडला सेकंदाला २० ते ६० फूट गती वाढते. म्हणून अगदी कोऱ्या बॅरलवर कमाल लोड ठरवून हंगामासाठी पेटीभर काडतुसं भरून ठेवू नका. हलक्या लोडवर १५० एक बार होऊ द्या, मग चढवा. आधी ठरवलेला लोड असेल तर गती पुन्हा मोजा.

चौथी, तेल. नवी बॅरल गंज लागू नये म्हणून तेलात माखून येते. चेंबर ओलं असलं की केस भिंतीला धरत नाही, सगळा धक्का मागे बोल्टवर जातो, आणि ठीकठाक लोडलाही बुडावर प्रेशरसारख्या खुणा येतात. पावसात भिजलेलं काडतूस आणि डायचं वंगण न पुसलेली केसही हेच करते. कोरड्या कापडानं चेंबर पुसा, केसेस पुसा, मग निष्कर्ष काढा. नळी साफ केल्यावर पॅच (पुसायची चिंधी) आत राहिला नाही ना, तेही बघा. टेस्लाँगसारखा स्वस्त बोअरस्कोप (नळीच्या आत बघायचा कॅमेरा) असेल तर चेंबरच्या भिंतीवर रीमरचे गोल ओरखडे आहेत का ते दिसतं. उडालेल्या केसवरही ते उमटलेले असतात.

बॅरलचा दोष की लोडचा

हे ठरवायला दुकानातून त्याच काडतुसाची, साधारण तेवढ्याच वजनाच्या गोळीची एक पेटी आणा आणि चेंबर कोरडं करून पाच बार काढा, क्रोनोग्राफ लावून. कारखान्याच्या काडतुसालाही बोल्ट जड होत असेल, तर तुमच्या बेंचवर कारण शोधण्यात अर्थ नाही. चेंबर, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरच्या खांद्यातलं अंतर) किंवा नळीचा व्यास बघायला रायफल गनस्मिथकडे गेली पाहिजे. कारखान्याची काडतुसं सुरळीत आणि तुमचीच जड, तर मग बेंचकडे वळा.

बेंचवर मी आधी पावडरच्या डब्यावरचं नाव मोठ्यानं वाचायला लावतो. एच ४३५०, आयएमआर ४३५० आणि अॅक्युरेट ४३५० या तीन वेगळ्या पावडरी आहेत, आकडा सारखा असला तरी एकीचा चार्ज दुसरीला चालत नाही. ४८९५ चंही तसंच. बेंचवर एका वेळी एकच डबा ठेवायचा आणि काम संपलं की मेजर (पावडर मापून ओतणारं साधन) त्याच डब्यात रिकामा करायचा. डब्याचा लॉट बदलला असेल तरी थोडं खाली येऊन पुन्हा चढवा. मग काटा: डिजिटल काटा पंख्याच्या वाऱ्यानं, शेजारच्या मोबाइलनं, गरम न होता लगेच वापरल्यानं सरकतो. चेक वेट ठेवून दर दहा-बारा चार्जला ताडा. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, यावरून ग्रेनच्या दहाव्या हिश्शाचं वजन केवढं ते लक्षात येईल.

केसची कंपनी बदलली असेल तर आतली जागा बदलते. .३०८ मध्ये लष्करी लेक सिटीची केस जाड, आत जागा कमी, म्हणून तोच चार्ज जास्त प्रेशर देतो. उडालेल्या केसेस पाण्यानं काठोकाठ भरून वजन करा, फरक आकड्यात दिसतो. गोळी शिश्याची सोडून बार्न्ससारखी अख्ख्या तांब्याची घेतली असेल, तर वजन सारखं म्हणून जुना डेटा वापरू नका. तांब्याची गोळी त्याच वजनाला लांब होते आणि केसमध्ये जास्त जागा खाते.

ऊन आमच्याकडे वेगळं प्रकरण आहे. ऑगस्टमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेली पेटी हाताला चटका देते. तापलेली पावडर जोरात जळते. हॉजडनच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या एच ४३५०, व्हार्गेट यांना उष्णतेचा फरक कमी पडतो, तरी पडतो. पेटी सावलीत ठेवा, आणि गरम झालेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून गप्पा मारत बसू नका. हिवाळ्यात ठरवलेला लोड उन्हाळ्यात पुन्हा मोजल्याशिवाय वापरू नका.

पुन्हा खालून

कारण सापडलं की उरलेली काडतुसं उघडायची. "एवढीच आहेत, उडवून टाकतो" हे चालणार नाही. हातोडीसारखा दिसणारा इनर्शिया पुलर पुरतो. डोळ्यांवर चष्मा हवा. पावडर कुठली याची पक्की खात्री असेल तरच डब्यात परत, एरवी ती बागेत विखरून टाका.

नवी सुरुवात मॅन्युअलच्या सुरुवातीच्या चार्जपासून, जो साधारण कमालपेक्षा दहा टक्के खाली असतो. गोळी रायफलिंगपासून किमान २० थाऊ मागे, आणि मॅगझिनमध्ये बसेल अशी. एका पायरीला ०.३ ग्रेन. प्रत्येक पायरीला एक-दोन बार, गती लिहायची, केस भिंगाखाली, मगच पुढची. मॅन्युअलची कमाल गती आली किंवा एकही खरं चिन्ह दिसलं की थांबायचं. चिन्हावर थांबलात, तर क्रीडमूरएवढ्या केसमध्ये किमान एक ग्रेन खाली या. पावडर वाढवूनही गती वाढेनाशी झाली, तरी तिथेच थांबा. मॅन्युअलची कमाल मर्यादा चिन्ह दिसत नाही म्हणून ओलांडायची नाही. नाशिकच्या त्या तरुणाचा लोड शेवटी जुन्यापेक्षा दीड ग्रेन खाली स्थिरावला. गती झिजलेल्या बॅरलच्या शेवटच्या महिन्यांएवढीच मिळाली, आणि केसेसची पाकिटं अजून घट्ट आहेत.

एवढं करूनही सुरुवातीच्या चार्जलाच बोल्ट जड असेल, तर रायफल गनस्मिथकडे देताना सोबत हे द्या: क्रमांक लिहिलेल्या उडालेल्या केसेस, दुकानातल्या काडतुसांच्या उडालेल्या केसेस वेगळ्या पिशवीत, गतीचा कागद, मार्करनं रंगवलेलं डमी, आणि ज्या डायनं केसेस आवळता ती डाय. डाय हवीच, कारण चेंबर आणि डाय एकमेकांना जुळतात का हे त्याला दोन्ही समोर ठेवूनच मोजता येतं.